मायकल पेलिनची 'ऐंशी दिवसांत जगप्रवास' सिरीज: सारखे सारखे येणारे प्रश्न

प्रवासाच्या सिरीजचा विषय निघाला की मी ही सुचवतो, आणि मग तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न वर आहेत, डोकं खाणारे खाली. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे नंबर दिलाय, उगाच दोनदा लिहीत नाही. शेवटाबद्दलचं काही प्र. १५ आणि १७ मध्ये फुटलंय, ज्यांना आधी बघायचीय त्यांनी ते दोन सोडून वाचा.

१. ही नक्की कुठली? मला तर डेव्हिड टेनंटवाली सापडली.

ती नाही. टेनंटवाली २०२१ ची, ती कथामालिका आहे, नट-नट्या, सेट, सगळं. गोंधळ व्हायला अजून एक कारण म्हणजे १९८९ मध्येच अमेरिकेत पिअर्स ब्रॉस्नन फॉग (मूळ कादंबरीचा हिरो) झालेली एक मिनी-सिरीज आली होती, म्हणजे वर्ष टाकून सर्च केलं तरी चुकीची सापडू शकते. शिवाय १९५६ चा डेव्हिड निव्हनचा पिक्चर आणि २००४ चा जॅकी चॅनचा. आपण बोलतोय ती बीबीसीची, मायकल पेलिन नावाचा माणूस स्वतः खराखुरा फिरतो ती. शूटिंग १९८८ चं, टीव्हीवर आली ऑक्टोबर १९८९ मध्ये. पेलिनचं नाव टाकून शोधा, बाकी कशाने नीट सापडत नाही.

२. पेलिन कोण? प्रवासी आहे का पत्रकार?

दोन्ही नाही, आणि मजा तिथेच आहे. तो कॉमेडीवाला. १९४३ चा, शेफील्डचा, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश कॉमेडी ग्रुपच्या सहा जणांतला एक. ज्या वर्षी हा प्रवास केला त्याच वर्षी 'अ फिश कॉल्ड वांडा' हा पिक्चर आला होता आणि त्यातल्या तोतऱ्याच्या रोलसाठी त्याला बाफ्टा हे ब्रिटिश फिल्म अवॉर्डही मिळालं. बीबीसीची पहिली पसंती तो नव्हताच, आधी अॅलन व्हिकर, माइल्स किंग्टन, नोएल एडमंड्स अशा लोकांना विचारून झालं होतं, ते नाही म्हणाले तेव्हा गाडी याच्याकडे आली, हे तो स्वतःच हसत सांगतो. माझ्या मते बरंच झालं. व्हिकर हा मुरलेला टीव्ही प्रवासी, तो गेला असता तर प्रत्येक गावात सगळं माहीत असलेल्या माणसासारखा उभा राहिला असता. पेलिनला काही माहीत नसतं आणि तो ते लपवत नाही. नंतर २०१९ मध्ये त्याला सर किताब मिळाला, पण या सिरीजमध्ये तो अजून घाबरतघाबरत फिरणारा पंचेचाळिशीचा माणूस आहे.

३. नियम काय होते?

ज्युल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग जसा गेला तसं जायचं: लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरच्या रिफॉर्म क्लबमधून निघायचं, पूर्वेकडे जात राहायचं, ऐंशी दिवसांच्या आत तिथेच परत यायचं, आणि विमान नाही. शक्यतो फॉगचाच रूट, पण जिथे जहाज किंवा गाडी मिळतच नाही तिथे बदल चालेल (प्र. ८ आणि १२ बघा). पैज वगैरे नाही. फॉगने २०,००० पौंड लावले होते, पेलिनच्या बाजूला फक्त अब्रू.

४. कादंबरी वाचलेली नसली तर चालेल का?

चालेल, पण एक छोटा तक्ता माहीत असेल तर दुप्पट मजा येते. व्हर्नने १८७२ च्या वेळापत्रकांवरून हिशेब मांडला होता: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता रेल्वेने ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, तिथून योकोहामा ६, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को २२, सॅन फ्रान्सिस्को ते न्यू यॉर्क ७ आणि न्यू यॉर्क ते लंडन ९. बेरीज करा, बरोबर ८०. आणि हे काही हवेत नव्हतं, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, त्याच वर्षी अमेरिकेतली आरपार रेल्वे जोडली गेली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लाइन जबलपूरला जुळली, म्हणून तो हिशेब कागदावर तरी बसत होता. मराठीत व्हर्न वाचलेले भरपूर लोक आहेत, भा. रा. भागवतांनी तो पोरांपर्यंत आणला, त्यामुळे घरात जुनं पुस्तक सापडलं तर बघा.

५. पूर्ण रूट एकदा नीट सांगा ना.

लंडन, पॅरिस, मग आल्प्समधून व्हेनिस, तिथून जहाजाने ग्रीसमार्गे अलेक्झांड्रिया, कैरो, सुएझ, जहाजाने जेद्दा, रस्त्याने सौदी ओलांडून दुबई, गलबताने मुंबई, ट्रेनने मद्रास, मालवाहू जहाजाने सिंगापूर, परत जहाजाने हाँगकाँग, मग ग्वांगझो, शांघाय, बोटीने जपान, टोकियो, पॅसिफिक ओलांडून लॉस एंजेलिसजवळचं लाँग बीच, ट्रेनने कोलोरॅडो, शिकागो, न्यू यॉर्क, आणि कंटेनर जहाजाने इंग्लंडचं फेलिक्स्टो बंदर, तिथून लंडन. नावं मी सिरीजमध्ये आहेत तीच ठेवलीयत, १९८८ मध्ये मद्रास मद्रासच होतं, मुंबईला इंग्रजीत बॉम्बे म्हणत, आणि युगोस्लाव्हिया नावाचा देश नकाशावर होता.

६. किती भाग आहेत, आणि मधलाच एखादा बघितला तर?

सात भाग, प्रत्येक साधारण पन्नास मिनिटांचा. एका रविवारी संपते. मधला बघायचा तर तिसरा (प्र. ९) एकटा बघता येतो, कारण तो जवळजवळ वेगळीच फिल्म आहे. पण चौथ्यापासून सुरू करू नका, बरेच जण मुंबई बघायला थेट तिथे जातात आणि मग म्हणतात की एवढं काय त्यात, अरे, तो माणूस आठवडाभर समुद्रात काय काय भोगून आलाय ते न बघता त्याला मुंबईत उतरताना बघण्यात काय अर्थ आहे?

७. जगातली शहरं दाखवणारी सिरीज म्हणून लावली, पण अर्धा वेळ तर हा बोटीतच! शहरं कधी येणार?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. खरंय, शहरं घाईत येतात. कारण साधं आहे, त्याच्याकडे वेळ नाही. कैरोत, सिंगापुरात, शिकागोत तो किती थांबणार हे पुढची बोट कधी सुटते यावर ठरतं, आणि बोट सुटणार असली की पिरॅमिड असो नाहीतर काही असो, सामान उचलून पळायचं.

पण मला उलटं वाटतं. आताच्या सिटी शोमध्ये काय होतं, ड्रोनने वरून शहर दाखवतात, माणूस चकाचक कपड्यांत बाजारात उभा, पुढच्या मिनिटाला दुसऱ्या खंडात. दोन शहरांच्या मध्ये काय असतं ते गायबच. इथे प्रत्येक शहर बंदरातून किंवा स्टेशनातून सुरू होतं, म्हणजे मागच्या दाराने. व्हेनिसमध्ये हा गोंडोलात बसत नाही, कचरा गोळा करणाऱ्या बोटीवर काम करतो! व्हेनिसमध्ये कचऱ्याची गाडी नसते, बोट असते, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. गोंडोलाचे हजार व्हिडिओ बघून जे व्हेनिस कळलं नाही ते त्या पाच मिनिटांत कळतं. त्यामुळे कुठल्या शहरात काय बघावं अशी यादी पाहिजे असेल तर ही सिरीज तुमच्यासाठी नाही.

८. सौदीमध्ये काय घोळ झाला? फॉग तर सुएझहून सरळ मुंबईला आला होता.

फॉगच्या वेळी सुएझ-एडन-मुंबई अशी टपाल घेऊन जाणारी आगबोट नियमित होती, 'मंगोलिया' नावाच्या बोटीत तो बसला आणि झोपून आला म्हटलं तरी चालेल. १९८८ मध्ये त्या मार्गावर प्रवासी बोट उरलीच नव्हती, लोक केव्हाच विमानाने जायला लागले होते. मालवाहू जहाजं होती पण ती कुणासाठी थांबत नाहीत आणि त्यांच्या तारखा पुढेमागे होतात. जेद्दाला पोचल्यावर पुढचं समुद्राचं गणित जुळेना, मग गाडी करून अख्खं सौदी आडवं पार केलं, जवळपास दोन हजार किलोमीटर. नियमात हे बसतं, गाडी म्हणजे विमान नव्हे. पण वेळ गेला तो गेलाच.

एक संदर्भ लक्षात ठेवा, इराण-इराक युद्ध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थांबलं होतं. आखातातली जहाजवाहतूक नुकती कुठे श्वास घेत होती.

९. तिसरा भाग पूर्णच गलबतावर आहे म्हणे. कंटाळा नाही येत?

नाही. सातातला तोच सर्वांत भारी, आणि हे फक्त माझं मत नाही, पेलिनलाही आयुष्यभर तोच प्रवास लागून राहिला.

दुबईहून मुंबईला यायला त्याला एक लाकडी गलबत मिळालं. आखात आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात अशी गलबतं शेकडो वर्षं ये-जा करतायत, कच्छ-काठेवाडपासून कोकणापर्यंत बंदरांवर वाढलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील. हे गलबत चालवणारे खलाशी गुजराती होते. इंजिन होतं, पण रडार वगैरे काही नाही, झोपायचं उघड्यावर, डेकवर, मालाच्या पोत्यांवर, आणि संडास म्हणजे मागच्या बाजूला पाण्यावर लटकवलेला एक खोका, त्यात चढून बसायचं आणि घट्ट धरायचं. विमानाने तीन तासांचं अंतर, याला आठवडा लागला.

त्यात पेलिनचं पोट बिघडलं, आणि तो खोका डोळ्यांसमोर आणा. खलाशी त्याला साधं खायला घालतात, त्याच्याकडे लक्ष देतात, भाषा जेमतेम, खाणाखुणांवर चाललेलं. एका खलाशाला तो आपल्या वॉकमनवर ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐकवतो, त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते लिहून सांगण्यात मजा नाही. तिथे ना स्मारक आहे ना हॉटेल, कॅमेऱ्याला दाखवायला दुसरं काही नाहीच, फक्त माणसं आणि पाणी, आणि त्यामुळे बीबीसीचा साहेब आणि हातावर पोट असलेले खलाशी असं जे अंतर पहिल्या दिवशी दिसतं ते हळूहळू कमी कमी होत जातं. मुंबईत उतरताना त्याला भरून येतं आणि त्यात अॅक्टिंग नाही, मी तरी ते खरंच मानतो.

ज्यांच्या घरी मुंबई-रत्नागिरी-गोवा बोटीचे किस्से ऐकलेत, डेकवर वळकट्या टाकून झोपणं, कुणाला बोट लागणं, पहाटे पडावातून उतरणं, त्यांनी हा भाग घरातल्या मोठ्यांबरोबर बघावा.

१०. मुंबईत काय काय दाखवलंय? गेटवे, मरीन ड्राइव्ह?

त्या अपेक्षेने बघू नका. लोकांच्या लक्षात राहतो तो एकच प्रसंग, रस्त्यावर बसणाऱ्या आंधळ्या न्हाव्याकडून पेलिन वस्तऱ्याने दाढी करून घेतो. भागाचं नावही त्यावरूनच ठेवलंय. बघताना आपल्याच गळ्यावर हात जातो. न्हावी मात्र एकदम निवांत, बोटांनी चाचपून सराईतपणे काम करतो.

यावर दोन गटांत भांडण होतं ते मला माहितीय: एकांचं म्हणणं, इतकी मोठी मुंबई आणि परदेशी माणसाला आंधळा न्हावीच दिसला का. दुसरे म्हणतात विनोद तर त्याच्या स्वतःच्या भित्रेपणावर आहे. मी दुसऱ्यांच्या बाजूचा, कारण न्हावी आपलं काम चोख करतो आणि हसू येतं ते खुर्चीतल्या माणसाचं. पण पहिल्यांचंही पूर्ण चूक नाही, त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीला भारत म्हटलं की अजब काहीतरी हवंच असायचं आणि ही सिरीज त्यातून पूर्ण सुटलेली नाही.

११. कादंबरीतल्या मुंबईशी काही जुळतं का?

फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला मुंबईत उतरतो, दोन दिवस लवकर, आणि काहीही बघत नाही! व्हर्न मुद्दाम यादी देतो, टाउन हॉल, किल्ला, गोद्या, घारापुरी, कान्हेरीच्या गुंफा, आणि म्हणतो की यातलं काही बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो स्टेशनवर जाऊन जेवतो, तिथे त्याला सशाचं म्हणून जे मटण वाढतात ते मांजराचं असल्याचा त्याला संशय येतो आणि तो खानावळवाल्याला थंडपणे विचारतो की हा ससा मारताना म्याव तर नाही ना केला. तेवढ्यात त्याचा नोकर पासपार्टू मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि बूट तिथेच टाकून पळतो. हे बूट पुढे कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून येतात.

आता व्हीटी स्टेशन त्यात नाही हे लक्षात घ्या, ते तेव्हा बांधलंच नव्हतं, गाडी बोरीबंदरच्या जुन्या स्टेशनातून सुटायची. आणि व्हर्नने रेल्वे मध्येच संपलेली दाखवून फॉगला हत्तीवर बसवलंय, पण प्रत्यक्षात ती लाइन १८७० मध्येच आरपार झाली होती, म्हणजे कादंबरीतला हत्ती हा निव्वळ लेखकाचा हट्ट.

१२. मग पेलिन कलकत्त्याला का गेला नाही? रूट मोडला की.

मोडला, पण कारण तेच, जहाज. कलकत्त्याहून हाँगकाँगकडे जाणारी आगबोट १८७२ मध्ये होती, १९८८ मध्ये नाही. मद्रासहून सिंगापूरला जाणारं एक युगोस्लाव्ह मालवाहू जहाज मिळत होतं, ते घेतलं. त्यामुळे मुंबईनंतर ट्रेन ईशान्येला न जाता आग्नेयेला, मुंबई-मद्रास लाइन, म्हणजे आपली पुणे-सोलापूर-वाडी-गुंटकलवाली.

हाच प्रश्न उलटाही येतो, की मग हे 'फॉगच्या पावलावर पाऊल' कसं? माझं उत्तर असं की फॉगही रस्ता बंद झाला की मिळेल त्याच्यावर बसत होता, हत्ती काय, शिडाची बर्फगाडी काय.

१३. कॅमेरावाले पण ऐंशी दिवस बोटीनेच फिरले का? आणि सगळं आधीच ठरवलेलं असतं ना?

टीम बरोबर असायची आणि पेलिनने सगळ्या टीमला मिळून 'पासपार्टू' असं नाव दिलं होतं, म्हणून तो पासपार्टू म्हणतो तेव्हा कॅमेऱ्याच्या मागचे लोक समजायचे. गलबतावरच्या पोटबिघाडाच्या काळात शूटिंग चालू होतं म्हणजे कुणीतरी त्याच डेकवर कॅमेरा धरून उभं होतं, ते विसरू नका.

ठरवलेलं असतं का, तर अर्थात काही ठरवलेलं असतं, परवानग्या, बुकिंग, एखाद्या शहरात कुणाला भेटायचं ते. बीबीसी आहे, कुणी पिशवी उचलून निघत नाही. पण संप, उशिरा येणारी जहाजं आणि पोट हे ठरवता येत नाही. पहिल्याच भागात इटलीत रेल्वेचा संप होतो आणि ओरिएंट एक्स्प्रेस या आलिशान ट्रेनची ऐट ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला संपते. हे लिहून आणलेलं असतं तर जरा बरं लिहिलं असतं.

१४. पूर्वेकडची शहरं कशी आहेत? हाँगकाँग-शांघाय बघायचंय.

ही आता जुन्या फोटोंच्या अल्बमसारखी बघावी लागतात. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं, १९९७ ला नऊ वर्षं बाकी. शांघायमध्ये नदीपलीकडे आज जे टॉवरचं जंगल दिसतं ते नव्हतंच, तो पहिला प्रसिद्ध मनोरा उभा राहिला १९९४ मध्ये. तिथल्या पीस हॉटेलातला म्हाताऱ्यांचा जॅझ बँड मात्र चुकवू नका. ग्वांगझोमध्ये साप खाण्याचा प्रसंग आहे, ज्यांना प्राणी सोलताना बघवत नाही त्यांनी पुढे ढकला. टोकियोत तो कॅप्सूल हॉटेलात झोपतो आणि कराओकेत गातो, आज हे सगळ्यांना पाठ आहे पण १९८९ च्या प्रेक्षकाला ते दुसऱ्या ग्रहावरचं वाटलं असणार.

दुबईचंही तसंच, बुर्ज खलिफा यायला अजून बावीस वर्षं होती. खाडीवरची गलबतं हीच तिथली गर्दी.

१५. तारखा मोजल्या तर ७८ दिवस होतात, सगळीकडे ७९ दिवस ७ तास का लिहिलंय?

हा आवडता प्रश्न! २५ सप्टेंबर ते १२ डिसेंबर मोजलं तर खरंच ७८ दिवस आणि वर काही तास येतात. लंडनमध्ये घरी बसलेल्या माणसाचे ७८. पण पेलिन पूर्वेकडे जात होता. दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, म्हणजे त्याचा प्रत्येक दिवस चोवीस तासांपेक्षा थोडा लहान, आणि पूर्ण चक्कर झाली की असे चोवीस तास जमतात. हिशेब जुळवायला पॅसिफिकमध्ये वाररेषा ओलांडताना जहाजावर एकच तारीख दोनदा येते. म्हणजे त्याने स्वतः झोपून उठून मोजलेले दिवस लंडनवाल्यापेक्षा एकाने जास्त, तिथे ७९ बसतो.

आणि अख्खी कादंबरी याच खुंटीवर टांगलीय: फॉगला वाटतं पाच मिनिटांनी हरलो, पण त्याने मधे एक दिवस जास्तीचा मोजलेला असतो आणि लंडनमध्ये अजून आदला दिवसच असतो. पेलिनला त्या जादूची गरज पडली नाही, कसाही मोजला तरी तो वेळेत आला.

१६. फुग्यातून उडाला म्हणजे नियम मोडला ना? विमान नाही म्हणता आणि हवेत उडता?

कोलोरॅडोतल्या अॅस्पेनमध्ये तो गरम हवेच्या फुग्यात बसतो, बरोबर. पण ती गंमत आहे, त्याने प्रवासाचा टप्पा काही पार होत नाही. आणि खरी मेख अशी की व्हर्नच्या त्या कादंबरीत फुगा नाहीच! तो घुसवला १९५६ च्या पिक्चरने, आणि पोस्टरवर इतका गाजला की लोकांना वाटतं फॉग फुग्यातूनच गेला. त्याच अॅस्पेनमध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीचाही एक तुकडा आहे, तो मात्र कादंबरीतल्या बर्फगाडीच्या जास्त जवळचा.

१७. शेवटी क्लबमध्ये घेतलंच नाही? खरं का?

खरं. जग फिरून माणूस दारात आला आणि रिफॉर्म क्लबने कॅमेऱ्यासकट आत येऊ दिलं नाही. त्याआधी लंडनच्या भुयारी रेल्वेत ऑक्सफर्ड सर्कस स्टेशन बंद, त्या काळात बेवारस पिशवी दिसली की स्टेशन रिकामं करायचे. म्हणजे सौदी ओलांडून आला, पॅसिफिक ओलांडून आला आणि अडकला कुठे तर क्लबच्या इतक्या जवळ येऊन. काही लोकांना हा शेवट फुसका वाटतो, मला वाटतं यापेक्षा लंडनी शेवट कुणाला सुचला नसता.

१८. हे रेकॉर्ड आहे का मग?

छे. नेली ब्लाय या अमेरिकन पत्रकार बाईने १८८९-९० मध्ये, एकटीने, एका हातबॅगेवर, ७२ दिवस ६ तास ११ मिनिटांत हे केलं होतं, आणि वाटेत फ्रान्समध्ये खुद्द व्हर्नला भेटूनही आली. ती मुंबईला आली नाही, एडनहून कोलंबो, मग सिंगापूर, हाँगकाँग. म्हणजे शंभर वर्षांनी, सगळं तंत्रज्ञान असताना, पेलिन तिच्यापेक्षा हळू गेला. कारण प्र. ८ मध्ये आलंय, तिच्या काळात समुद्रावर वेळापत्रक होतं.

१९. गलबतावरचे ते लोक नंतर भेटले का त्याला?

भेटले. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, बीबीसीने त्याच्यावर एक वेगळा कार्यक्रम केला, त्यात तो दुबई-मुंबईचा माग काढत परत आला आणि शोधत शोधत गुजरातमध्ये कच्छच्या मांडवीपर्यंत गेला, जिथे अशी गलबतं आजही बांधतात. मूळ सिरीज संपवून दोन-चार दिवस जाऊ द्या, मग बघा. लगेच बघितला तर वीस वर्षं गेल्यासारखी वाटतच नाहीत.

२०. आज आपल्याला असं जाता येईल का? भारतीय पासपोर्टवर?

रूट तसाच्या तसा नाही. मालवाहू जहाजांवर पूर्वी चार-सहा प्रवासी पैसे देऊन घ्यायचे, कोविडनंतर बहुतेक कंपन्यांनी ते बंद केलं आणि परत सुरू केलेलं नाही. मुंबई-दुबई गलबतावर प्रवासी म्हणून चढणं विसरा. लाल समुद्रात २०२३ च्या शेवटापासून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, म्हणजे सुएझचा टप्पाच डळमळीत झाला. क्रूझने जगप्रवास होतो, पण ते म्हणजे हॉटेल बरोबर घेऊन फिरणं, आणि ऐंशी दिवसांत बसेलच असं नाही.

व्हिसाचं काय विचारता. पेलिन ब्रिटिश पासपोर्टवर फिरत होता आणि हाँगकाँग त्याला घरचंच होतं. आपल्याला शेंगेन, ब्रिटन, अमेरिका, जपान, चीन सगळे आधी काढावे लागतात, त्यांच्या मुदती सांभाळाव्या लागतात, आणि एक जहाज उशिरा आलं की पुढच्या व्हिसाची तारीख उलटते. एकाने मला विचारलं होतं की निदान तुकडा तरी करता येईल का, तर हो, मुंबई-चेन्नई ट्रेन आहे, लाँग बीच ते न्यू यॉर्क ट्रेनने जाता येतं, शांघाय-जपान फेरीचं बघता येईल, पण ती चालू आहे का आणि प्रवासी घेते का ते निघायच्या आधी नक्की करा.

२१. मुलांना दाखवली तर चालेल?

दहा-बाराच्या पुढे चालेल. सापाचा प्रसंग सोडला तर त्रासदायक काही नाही. वेग मात्र जुना आहे, पहिल्या भागात मुलं मोबाइल शोधतील. आधी नकाशा भिंतीवर लावा आणि त्यांना टिंबं जोडायला द्या, पॅसिफिक येईपर्यंत तीच तुम्हाला दिवस मोजून सांगतील.

२२. ही आवडली, आता पेलिनचं पुढचं काय बघू?

पहिल्यांदा १९९२ ची 'पोल टू पोल', उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव, त्यात सोव्हिएत युनियन अक्षरशः मोडताना दिसतं आणि शेवटच्या जहाजावर जागाच मिळत नाही. मग १९९७ ची 'फुल सर्कल', पॅसिफिकच्या कडेकडेने, फार लांब आहे पण सवडीने बघा. भारत जास्त हवा असेल तर २००४ ची 'हिमालया', अमृतसर, सिमला, काश्मीर, नागालँड, आसाम सगळं येतं त्यात. शहरंच हवी असतील (प्र. ७ वाले मित्रहो) तर पेलिन सोडा आणि सरळ दुसऱ्या कुणाची तरी बघा.